प्लायच्या फळीवर तैलरंगात वाडे: फळी वाकते, अस्तरावर रेघा उमटतात, काळा दगड मेल्यासारखा दिसतो

पेठेतली_रंगपेटी (पुणे)

पुण्यातल्या जुन्या इमारतींची मालिका तैलरंगात चालू आहे: विश्रामबागवाडा, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, महात्मा फुले मंडई, कसब्यातले एक-दोन पडके वाडे. कॅनव्हास मुद्दाम टाळलाय. सुरूच्या आकाराच्या खांबांची नक्षी आणि कौलांच्या ओळी काढताना कापड दबतं, रेघ हलते. म्हणून घरीच फळ्या बनवल्या. कृती अशी:

६ मिमी कमर्शियल प्लाय, १२ बाय १६ इंच. समोरच्या बाजूला सुतारकामाचा पांढरा गोंद, खडूची पावडर आणि पांढरा डिस्टेंपर अंदाजाने मिसळून अस्तराचे (रंगाखालच्या थराचे) तीन हात. मागची बाजू तशीच कोरी. दोन दिवसांनी थेट तैलरंग.

तीन अडचणी आहेत.

१) उन्हाळ्यात सरळ असलेल्या फळ्या ऑगस्टमध्ये समोरून खोलगट झाल्या. पट्टी लावून पाहिलं तर मधोमध ५ मिमीची फट.
२) दोन फळ्यांवर प्लायच्या रेषांना समांतर अशा केसासारख्या भेगा रंगातून दिसतात.
३) गडद भाग, विशेषतः काळा दगड आणि देवडीचा अंधार, वाळल्यावर राखाडी आणि मळकट होतो. ओला असताना छान दिसतो, आठवड्याने जीव गेल्यासारखा. दगडासाठी आयव्हरी ब्लॅक आणि टायटॅनियम व्हाइट वापरतो.

रेडिमेड पॅनल परवडत नाहीत, तेव्हा घरीच बनवायच्या आहेत. कुठे चुकतंय?

---

रंधा_आणि_गुण्या

पहिल्या दोन अडचणी सुतारकामाच्या आहेत, त्या मी घेतो. तिसरी रंगवाल्यांनी घ्यावी.

फळी वाकण्याचं कारण तुमच्याच वाक्यात आहे: "मागची बाजू तशीच कोरी." समोर अस्तर आणि तैलरंग असल्याने तिकडून हवेतली ओल फार सावकाश शिरते. मागून मात्र पावसाळाभर ती सरळ आत जाते. मागचा थर फुगतो, समोरचा फुगत नाही, म्हणून फळी समोरून वाटीसारखी होते. एप्रिलच्या कोरड्या हवेत हीच फळी उलटी वाकेल. त्यामुळे जे समोर लावाल, तेवढंच मागे आणि चारही कडांना लावायचं. कडा सगळ्यात महत्त्वाच्या, कारण प्लायच्या कडेला लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि पाणी तिथूनच पितात.

भेगा वेगळ्या. प्लायचा वरचा पापुद्रा ओंडका फिरवून, पेन्सिल शार्पनरसारखा सोललेला असतो. सोलतानाच त्याच्या पाठीवर बारीक चिरा पडतात. ओल-कोरडं होताना त्या उघडतात आणि वरच्या अस्तराला फाडतात. दर्जा कितीही चांगला घ्या, हा दोष कमी होतो, जात नाही. उपाय दोन: वर कापड चिकटवा, किंवा प्लाय सोडून एमडीएफ (लाकडाच्या तंतूंची दाबून केलेली फळी) घ्या.

आता प्लाय निवडताना काय बघायचं. "कमर्शियल" हा शब्द दुकानदार कशालाही लावतात. शीटवर छापलेला आयएस (भारतीय मानक) क्रमांक बघा. ७१० असेल तर मरीन, म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारा गोंद. ३०३ असेल तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला दाद न देणारा) आहे की नुसता एमआर (फक्त ओलीला दाद न देणारा) ते बघा. आपल्याला बीडब्ल्यूआर पुरतो. ६ मिमीत पाच थर मोजून घ्या, तीनच असतील तर नको. कडेवरून नजर फिरवा, मधल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर शीट परत. नाण्याने ठोकत गेलं की पोकळ जागी आवाज बदलतो. आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. स्वस्त प्लायच्या पापुद्र्याला लाल रंग मारलेला असतो, तो फडक्यावर उतरतो आणि उद्या तुमच्या अस्तरातूनही वर येईल.

मापाची एक युक्ती. ८ बाय ४ ची शीट म्हणजे २४४० बाय १२२० मिमी. तंतोतंत १२ बाय १६ कापायला गेलात तर करवतीची रुंदी, म्हणजे साधारण एक सूत (सुमारे ३ मिमी), धरल्यावर शेवटची रांग तोकडी पडते. ३०२ बाय ४०४ मिमी असं माप द्या, एका शीटमध्ये बरोबर २४ फळ्या बसतात. १२ बाय १६ च्या फ्रेममध्ये दोन-अडीच मिमीची सैल जागाही राहते, ती हवीच असते.

कापल्यावर कडा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने किंचित गोल करा. धारदार कडेवर अस्तर टिकत नाही, पहिल्याच धक्क्याला टवका जातो.

८ बाय १० इंचापर्यंत ६ मिमीची फळी नुसती चालते. १२ बाय १६ ला मागे चौकट हवी: पाइनची पाऊण बाय दीड इंची रीप, उभी धरून, कडेपासून इंचभर आत. आधी रिपेवर रंधा मारून एक बाजू पूर्ण सपाट करा आणि गुण्या लावून तपासा. वाकडी रीप चिकटवली तर फळी रिपेच्या आकाराची होते. फेव्हिकॉल लावून, शिकंज्याने किंवा विटांच्या वजनाखाली रात्रभर. समोरून चुका ठोकू नका, त्यांचा गंज अस्तरातून डोकावतो. दोन फुटांपेक्षा मोठ्या फळीला मधून एक आडवी रीप.

आणि हो, फळी वाकलेल्या अवस्थेत चौकट चिकटवू नका. तुमच्या आत्ताच्या फळ्या आधी कोरड्या खोलीत, मागची बाजू हवेला येईल अशा आठ-दहा दिवस ठेवा. बहुतेक सरळ होतील. मग चौकट, मग मागची बाजू बंद.

---

जवस_तेल

वरचं सगळं मान्य. अस्तराबद्दल मात्र आधी एक स्पष्ट सांगतो: डिस्टेंपर तैलरंगाखाली कधीच नको. त्यात बांधणारा पदार्थ जेमतेम असतो. हात फिरवला की पांढरं लागतं, तेच तुमच्या चित्राच्या पायाशी आहे. गोंद "अंदाजाने" घातलात, तर एक फळी टीपकागदासारखी तेल पिणारी आणि दुसरी काचेसारखी गुळगुळीत होणार. पहिलीवर रंग मेलेला दिसतो, दुसरीवरून दोन-चार वर्षांत सोलून निघतो. तुमची तिसरी अडचण म्हणजे पहिला प्रकार. खडू आणि डिस्टेंपरने रंगातलं तेल ओढून घेतलं, वर नुसती रंगद्रव्याची भुकटी उरली. गडद रंगात ते जास्त दिसतं, एवढंच.

सरळ रस्ता अ‍ॅक्रिलिक जेसोचा, म्हणजे तयार मिळणाऱ्या पांढऱ्या अस्तराचा. क्रम असा.

फळी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून धूळ पुसून घ्या. दोन्ही बाजूंना आणि कडांना अ‍ॅक्रिलिक मॅट मीडियमचे (रंगद्रव्य नसलेला, पारदर्शक वाळणारा लेप) दोन पातळ हात, मध्ये दोन-तीन तास. हे टाळू नका: अ‍ॅक्रिलिकमधलं पाणी लाकडातला पिवळा-तपकिरी कस वर ओढतं आणि पांढरं अस्तर महिन्याभरात चहा सांडल्यासारखं होतं.

मग मांजरपाट. कोरा आणलेला मांजरपाट गरम पाण्यात धुवा, खळ पूर्ण गेली पाहिजे, नाहीतर मीडियम आत मुरत नाही. इस्त्री करा. १२ बाय १६ च्या फळीला १६ बाय २० चा तुकडा. फळीवर मीडियमचा भरपूर हात, त्यावर कापड, आणि मधून कडांकडे तळहाताने हवा काढत जायचं. वरून पुन्हा मीडियम, कापड अर्धपारदर्शक दिसेपर्यंत. बुडबुडा राहिला तर टाचणीने टोचून दाबा. कडा मागे दुमडून चिकटवा. रात्रभर वाळू द्या. वीण फार दिसते असं वाटलं तर मलमल घ्या, पण मलमलीला धुताना जपा.

त्यावर जेसोचे तीन ते चार हात. एक आडवा, एक उभा. पहिला हात दहा-पंधरा टक्के पाणी घालून, पुढचे जवळजवळ घट्ट. एका हाताला या मापाच्या फळीसाठी २०-२५ मिली लागतो. समोर चार, मागे दोन धरले तर अर्ध्या लिटरच्या डब्यात तीन-चार फळ्या होतात. शेवटच्या दोन हातांमध्ये ३२० ने हलकं घासा. इमारतीतल्या बारीक रेघांसाठी गुळगुळीत हवं, पण काच नको: नखाने ओरखडल्यावर किंचित खरखर लागली पाहिजे.

मग तीन दिवस थांबा. अ‍ॅक्रिलिक हाताला अर्ध्या तासात कोरडं लागतं, पण आतलं पाणी आणि ग्लायकॉल (सावकाश उडणारं द्रावक) जायला वेळ लागतो, पावसाळ्यात आणखी. घाईने तैलरंग लावला की खालची पकड कच्ची राहते.

मागच्या बाजूला जेसोऐवजी लाखेचं पॉलिश चालतं, सुताराकडे मिळतं आणि ओल चांगली अडवतं. समोर मात्र लाख नको. बाजारातल्या साध्या लाखेत मेण असतं, त्यावर जेसो नीट धरत नाही.

---

सरसवाला

अ‍ॅक्रिलिक जेसो वाईट नाही, पण त्याच्यावर ब्रश ओढल्यावर प्लॅस्टिकवर चालल्यासारखं वाटतं. ताठ फळी असताना सरस आणि खडूचं अस्तर का सोडायचं? हस्तिदंतासारखं घासता येतं, आणि बारीक कामाला त्याच्या तोडीचं काही नाही.

प्रमाण: एक लिटर पाण्याला ७० ग्रॅम सरस. थंड पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी भांड्यात भांडं ठेवून गरम पाण्यावर विरघळवायचा. ६० अंशांच्या वर नेऊ नका, उकळलात तर चिकटपणा गेला. बोट बुडवता येईल पण फार वेळ ठेवता येणार नाही, इतकंच गरम. थंड झाल्यावर थरथरणारी जेली झाली पाहिजे. अंगठ्याने फोडल्यावर चीर खडबडीत आली तर बरोबर. गुळगुळीत काप गेला तर सरस जास्त, लापशीसारखी बसली तर कमी. सुताराच्या दुकानातल्या सरसाची ताकद दर वेळी वेगळी असते, म्हणून ही परीक्षा वजनापेक्षा जास्त विश्वासाची.

या पाण्याचा एक हात फळीला दोन्हीकडून. दुसऱ्या दिवशी त्याच कोमट सरसात खडू पावडर, म्हणजे दुकानात व्हायटिंग म्हणून मिळते ती: एक वाटी सरसाला सवा ते दीड वाटी. चाळणीतून हळूहळू भुरभुरायची, स्वतःच बुडू द्यायची. रवीने घुसळलीत तर हवा शिरते आणि वाळल्यावर टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं. पहिला हात बोटांनी चोळून भरा. एकूण सहा ते आठ पातळ हात, सगळे एकाच दिवशी, मागचा हात मॅट दिसला की पुढचा. प्लास्टर ऑफ पॅरिस नको, ते भांड्यातच घट्ट होतं. रांगोळीही नको.

हे अस्तर तेल खूप पितं. म्हणून घासून झाल्यावर पातळ सरसाचा, अर्ध्या ताकदीचा, एक हात वरून मारायचा. नाहीतर प्रश्नकर्त्याची तिसरी अडचण दुप्पट होईल.

---

जांभा_दगड (रत्नागिरी)

सरसवाल्यांची कृती अचूक आहे, पण ती कुठे वापरायची याचा विचार करा. सरस हा जनावराच्या कातडी-हाडांचा पदार्थ. हवेतली ओल पितो, फुगतो, कोरडं झालं की आकसतो, दर वर्षी. शिवाय बुरशीचं आवडतं खाणं. कोकणात किंवा गोव्यात जून ते सप्टेंबर भिंतीवर टांगलेल्या चित्राच्या मागे काळे ठिपके येतात, ते बहुतेक वेळा सरसावरच. पुण्यात चालेल, घाटाखाली अ‍ॅक्रिलिकच.

घन लाकडाचा विषय कुणी काढायच्या आत सांगून टाकतो. जुन्या वाड्याच्या पाडकामातला सागवान मिळतो, आणि वाड्याचं चित्र वाड्याच्याच लाकडावर काढायचा मोह प्रत्येकाला होतो. सागाची फळी रेषांच्या आडव्या दिशेने हलते. ३०० मिमी रुंद, आडवी चिरलेली फळी, लाकडातला ओलावा सात टक्क्यांनी बदलला तर सुमारे ४ मिमी रुंद-अरुंद होते. उभी चिरलेली असेल तर साधारण निम्मीच. म्हणून टोकाकडून बघा: वर्षवलयं फळीच्या तोंडाला काटकोनात उभी असतील तीच फळी घ्यायची. आणि मागे आडवी रीप गोंदाने कधीच चिकटवायची नाही. लाकूड हलायला बघतं, रीप हलू देत नाही, शेवटी फळी मधून तडकते. लांबट भोकात स्क्रू, किंवा सरकणारी खाचेची रीप. सागात तेलही असतं. अस्तराआधी स्पिरिटने दोनदा पुसा, नाहीतर पकड येत नाही. पाचशे वर्षांपूर्वीची मोनालिसासुद्धा पॉप्लरच्या एकाच फळीवर आहे, आणि ती फळी वाकलेली आहे, वरच्या बाजूने तडाही गेलाय. आपल्या सागाने वेगळं का वागावं?

कीड विसरू नका. फळीच्या खाली पिठासारखी भुकटी पडलेली दिसली आणि टाचणीएवढी भोकं, तर भुंगा लागलाय. ती फळी बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा. चित्र भिंतीला चिकटवून टांगू नका, मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, अर्धा इंच हवा खेळू द्या. ओल आलेल्या बाहेरच्या भिंतीवर तर मुळीच नको.

---

पेठेतली_रंगपेटी

खूप उपयोगी. अ‍ॅक्रिलिक आणि मांजरपाट असं ठरवतो. आधीच रंगवलेल्या मेलेल्या भागांचं काही करता येईल का? आणि काळ्या दगडाच्या रंगाबद्दल कुणी बोललंच नाही.

---

जवस_तेल

मेलेल्या भागांसाठी: रंग हाताला पूर्ण कोरडा झाल्यावर, एक भाग शुद्ध जवसतेल आणि एक भाग गंधरहित टर्पेंटाइन, मऊ फडक्याने अगदी पातळ चोळा. पाच मिनिटांनी दुसऱ्या कोरड्या फडक्याने जवळजवळ सगळं पुसून काढा. काळा लगेच परत येईल. तेलाचं तळं ठेवलंत तर ते पिवळं पडेल आणि धूळ धरेल. तुमच्या डिस्टेंपरच्या फळ्यांवर हा उपाय दिसण्यापुरता आहे, पाया कच्चाच राहणार. त्या सरावाच्या समजा, विकू नका.

जवसतेल हार्डवेअरच्या दुकानातलं "डबल बॉइल" नको. त्यात सुकवणारे क्षार असतात, काळपट होतं आणि जाड लागलं तर सुरकुततं. रॉकेल तर नकोच. ब्रश धुवायला हार्डवेअरचा टर्पेंटाइन ठीक. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसतेल हवेतला ऑक्सिजन घेताना तापतं, ढिगाऱ्यात ती उष्णता साठते आणि फडकी आपोआप पेटतात. पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका किंवा दोरीवर मोकळी वाळवा.

आता दगड. सह्याद्रीचा बेसॉल्ट आपण बोलताना काळा म्हणतो, दिसताना तो काळा नसतो. दहा पायऱ्यांची छटापट्टी केली, शून्य म्हणजे काळं, तर उन्हातला कोरडा दगड पाच-सहावर येतो, सावलीतला तीनवर. आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा मिसळला की निळसर, सिमेंटसारखा, एकाच तापमानाचा राखाडी मिळतो. त्यातून आयव्हरी ब्लॅक फार सावकाश वाळतो.

अल्ट्रामरिन निळा आणि बर्न्ट सिएना (तांबूस मातीचा रंग) घ्या. दोन भाग निळा, एक भाग सिएना: थंड सावली. उलट केलं की उन्हातला उबदार राखाडी, त्यात पांढरा आणि पिवळ्या मातीचा, म्हणजे यलो ऑकरचा, एक ठिपका. सावलीतल्या भिंतीचा वरचा भाग आकाशामुळे निळा असतो, खालचा जोत्याजवळचा भाग रस्त्यावरच्या उन्हाने तांबूस. एवढा एक फरक नीट टिपला तरी भिंत उभी राहते. पावसात भिजलेला दगड दोन पायऱ्या गडद होतो, पण कडांवर आकाशाची पांढरट रेघ येते.

देवडीचा अंधार बर्न्ट अंबर (गडद मातकट तपकिरी), अल्ट्रामरिन आणि थोडा गडद लाल अ‍ॅलिझरिन. पातळ लावा, पांढरा अजिबात नको. अंधारात पांढरा गेला की तो धुकं होतो.

पांढऱ्या ट्यूबवरचा बारीक अक्षरातला क्रमांक वाचा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम. सोबत पीडब्ल्यू ४ असेल तर त्यात झिंक आहे. झिंकचा थर वर्षांनी ठिसूळ होतो आणि खालच्या थरापासून सुटतो. चुन्याच्या भिंतीसारख्या मोठ्या पांढऱ्या भागात तो धोका नको. चुन्याची भिंतही निव्वळ टायटॅनियमने रंगवू नका: त्यात कणभर ऑकर. नीळ घातलेला चुना असेल तर मात्र सावलीत अल्ट्रामरिन ओळखू येईल इतका.

जुनं सागवान उन्हात तपकिरी नसतंच, रुपेरी-राखाडी असतं. तपकिरी दिसतं ते सज्जाच्या खालचं, पावसापासून वाचलेलं. आणि कौलं: इंडियन रेड, बर्न्ट सिएना, वर शेवाळ्यासाठी ऑकर आणि काळा. ऑकरमध्ये काळा घातला की हिरवा होतो, ट्यूबमधला हिरवा उघडायची गरज नाही.

---

ओळंबा

रंगाआधी रेखाटन. इमारत वाकडी असेल तर कितीही चांगला राखाडी तिला वाचवत नाही.

मोबाइलच्या वाइड लेन्सने काढलेला फोटो वापरू नका. अरुंद पेठेत मान वर करून काढलेल्या फोटोत उभे खांब वर जाऊन एकमेकांकडे झुकतात. कागदावर उभ्या रेषा उभ्याच ठेवा. फळी ताठ असल्याचा फायदा घ्या: इझेलच्या दोन बाजूंना खिळा ठोकून दोरा ताणला की चित्राबाहेरचा विलयबिंदू, म्हणजे दूर जाणाऱ्या समांतर रेषा जिथे एकत्र येताना दिसतात तो बिंदू, मिळतो. सगळ्या तुळया आणि सज्जे त्या दोऱ्याने तपासा.

विश्रामबागवाड्यासारख्या दर्शनी भागात सारख्या अंतराचे खांब लांब जाताना कमी-कमी होतात. ते डोळ्याने टाकू नका. पूर्ण दर्शनी भागाची चौकट काढा, कर्ण काढा, छेदबिंदूतून उभी रेघ: तो मध्य. दोन्ही अर्ध्यांत पुन्हा तेच. चार, आठ, सोळा असे भाग मिळतात. गाळ्यांची संख्या आठ-सोळा नसेल तर चौकटीच्या उभ्या कडेवर तितके सारखे भाग पाडा, खुणांतून विलयबिंदूकडे रेघा न्या, आणि पूर्ण चौकटीचा कर्ण त्यांना जिथे जिथे छेदेल तिथे खांब.

मंडईचा मधला मनोरा अष्टकोनी आहे. अष्टकोन चौरसात बसवताना बाजूचे तुकडे ३ : ४ : ३ करा. काटेकोर गणित ०.२९३ आणि ०.४१४ आहे, पण या मापाच्या फळीवर तो फरक पेन्सिलच्या टोकाएवढा. जमिनीवर असा चौरस विलयबिंदूनुसार काढून कोपरे उभे वर न्या. बहुतेकांचा मनोरा सोललेल्या संत्र्यासारखा फुगतो तो इथेच.

रेखाटन कोळशाने करून पातळ अंबरने पक्कं करा, कोळसा झटका. बॉलपेन आणि मार्कर नको, शाई तैलरंगातून वर येते. गडद पेन्सिलही चुन्याच्या पांढऱ्या भागाखाली नको. तैलरंग वर्षांनी थोडा पारदर्शक होतो आणि रेघ दिसू लागते.

उन्हाचं: शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. हिवाळ्यात त्यावर दिवसभर ऊन येतच नाही. अनेकजण याला कंटाळतात, पण रंगवणाऱ्याला ही चैन आहे: तीन-चार तास सावली जागची हलत नाही. ऊन हवंच असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा उतरत्या संध्याकाळी या, भिंतीला चाटून जाणारं तिरपं ऊन मिळतं, दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे त्यातच उठून दिसतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा बुरुजांच्या कंगोऱ्यांच्या सावल्या सरळ खाली पडतात. बाकीच्या इमारतींना दोन तासांचं गणित धरा. पहिल्या पंधरा मिनिटांत सावलीच्या कडा आखून टाका आणि मग सूर्य कुठेही जावो, त्या बदलू नका.

---

पेठेतली_रंगपेटी

शेवटचं. जागेवर रंगवून ओल्या फळ्या घरी कशा न्यायच्या, आणि पावसाळ्यात वार्निश चालेल का?

---

रंधा_आणि_गुण्या

ओल्या फळ्या: सारख्या मापाच्या दोन, तोंडाला तोंड, चारही कोपऱ्यांत बुचाचा १० मिमी तुकडा, बाहेरून दोन जाड रबर. बुच रंगावर टेकेल तिथे ठिपका पडतो, म्हणून कोपऱ्यातली एक सेंटीमीटर जागा कोरी सोडा. ती फ्रेमच्या खाचेत काही प्रमाणात लपतेच. पेटी करणार असाल तर मांजरपाट आणि जेसोनंतर ६ मिमीची फळी साडेसातला जाते, खाच ९ मिमीची ठेवा. ८ मिमीची खाच पावसाळ्यात फळी धरून बसते. चौकटवाल्या फळ्या या पेटीत जाणार नाहीत, जागेवर कामाला ८ बाय १० च न्या.

---

जवस_तेल

पावसाळ्यात वार्निश नको. दमट हवेत ते वाळताना पांढरट धुरकट होतं, आणि नेमकं गडद भागावर दिसतं. पातळ थराला किमान सहा महिने, जाड थराला वर्ष, आणि मग जानेवारी-फेब्रुवारीतली कोरडी सकाळ. फळी आधी तासभर त्याच खोलीत ठेवा.

पावसाळ्यात तैलरंग वाळतोही सावकाश. पंख्याचा झोत लावून फार फरक पडत नाही, कारण तेल उडत नाही, ते ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. घाई असेल तर खालच्या थरांत अल्किड मीडियम (रंग लवकर वाळवणारं राळेचं मिश्रण), आणि अंबर, सिएना असे लवकर वाळणारे रंग खाली. चित्र वाळेपर्यंत अंधाऱ्या कपाटात ठेवू नका, जवसतेल अंधारात पिवळं पडतं. उजेडात, पण थेट उन्हात नाही.